माणसं नकोत, नुसतं मशीन पुरे!

आता हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. फजिती माझीच आहे!

चाकणला नानांचा स्प्रिंगा बनवायचा कारखाना. त्यांच्या वेबसाइटचं काम मला मिळालं. नोकरी सोडून घेतलेलं पहिलंच काम. हे गेलं की मी गेलो!

वेबसाइटवर प्रत्येक फोटोमागं वर्णन लिहायला एक जागा असते. फोटोवर माउस नेला तरी ते दिसत नाही. मग मी काय केलं? तिथं स्वतःसाठी कामाची टिपणं लिहून ठेवली. कुणाला दिसतंय, राव?

नानांनी उद्घाटन ठेवलं खंडेनवमीला. मशीनांना झेंडूच्या माळा, समोर सगळे कामगार. मान नानांच्या बहिणीचा. ताईंना दिसत नाही, पण कारखान्याच्या सगळ्या ऑर्डरी त्याच बघतात. त्यांचा लॅपटॉप पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवतो. हे मला कधी कळलं? त्यानं तोंड उघडल्यावर!

"चित्र. नाना. ढेरी कापणे."

नानांनी पोट आत घेतलं. "काय कापतो रं?"

लॅपटॉप पुढच्या फोटोवर गेला. "चित्र. कामगार. माणसं नकोत, नुसतं मशीन पुरे."

झालं! प्रसाद वाटणारे हात जागच्या जागी थांबले. फोरमन पुढं आला. "दिवाळीच्या तोंडावर आमाला घरी बसवताय व्हय, नाना?"

"आरं न्हाई! ह्या वेबसाइटवाल्याला इचार!"

सगळे माझ्याकडं वळले. "दोन मिनिटं," म्हणालो आणि सगळी वर्णनं पुसून टाकली. वाचायलाच काही नाही, संपला विषय!

कसला संपतोय? क्लिक होणाऱ्या फोटोला वर्णन नसलं, की तो लॅपटॉप चक्क फाइलचं नाव वाचतो.

"नाना ढेरी फायनल." मग तळाशी 'वेबसाइट बनवणारा' म्हणून लावलेला माझा फोटो आला. "मी केस लावलेला फायनल टू."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पूजेच्या टोपीवर! नाना म्हणाले, "काढ टोपी." काढली.

फोरमनच्या हातातला प्रसाद सांडला. "म्हंजी हा फोटोतच कापाकापी करतोय! सोताला बी सोडलं न्हाई गड्यानं!"

सगळा कारखाना हसायला लागला. ताईंना कुठं दिसणार? त्यांनी विचारलं, "काय झालं? मला बी सांगा की."

नाना मला म्हणाले, "तूच सांग. खरं सांगितलंस, तर काम तुझं."

मी लॅपटॉपच्याच सुरात सुरू केलं. "चित्र. वेबसाइटवाला. मधोमध टक्कल, कानांवर चार केस, तोंड एवढंसं झालेलं."

ताई खळखळून हसल्या. "हां, आता दिसलात!"

काम वाचलं. केस तेवढे गेले, वेबसाइटवरूनसुद्धा!