सावेरिओच्या दारावरची काळी पट्टी

मोठ्या चर्चच्या पायऱ्यांखाली सावेरिओचं घर. दारावर काळ्या काठाची कागदी पट्टी: 'माझ्या पत्नीसाठी'. सिसिलीतल्या त्या डोंगरगावात अशी पट्टी कुणी हातानं काढत नाही. ऊन तिचा रंग खातं, पाऊस तिच्या चिंध्या करतो, आणि शेवटचा तुकडा गळला की दुखवटा संपला, माणूस आपल्या कामाला मोकळा. वर्ष-सव्वा वर्ष लागतं. खालच्या न्हाव्याची आठ महिन्यांतच गळली. पण ती सासूची होती, पावसानंही जरा घाई केली.

सावेरिओची तिसऱ्या वर्षीही जिथल्या तिथे.

दोष त्या बाल्कनीचा, असं सगळी गल्ली म्हणायची. दाराच्या बरोबर वर ती दगडी बाल्कनी, आणि तिला खालून तोलणारी पाच दगडी तोंडं: कुणी गाल फुगवलेलं, कुणी जीभ काढलेलं, एक तर थेट गावच्या जुन्या नोटरीसारखं. ती बघायला लांबलांबून माणसं येतात, माना वर करून उभी राहतात. बाल्कनीच्या आडोशाला दारावर ना ऊन, ना पाऊस. मग पट्टी गळणार कशी?

सावेरिओ हा गावातला सगळ्यांत जुना गाईड. एकतीस वर्षं त्यानं पाहुण्यांना त्या पायऱ्या चढवल्या. आता एक पोरगी कानाला माईक लावून फिरवते. सगळं बरोबर सांगते, आणि ऐकणारे जांभया देतात. "पट्टी गळली की येतो," एवढंच सावेरिओ म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

समोरच्या खिडकीतल्या विताबाईला, गावाच्या दोन्ना विताला, मात्र यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. गावात कुणाची कोंबडी किती अंडी घालते हेही तिला ठाऊक. जूनमधल्या एका दुपारी, सगळं गाव खिडक्या लावून झोपलेलं असताना, तिनं पाहिलं: सावेरिओ दाराशी उभा, हातात वाटी आणि ब्रश. पट्टीचा सुटलेला कोपरा तो कणकेच्या खळीनं चिकटवत होता.

"वा वा! आणि बिचाऱ्या बाल्कनीला तीन वर्षं शिव्या बसतायत!"

सावेरिओनं मागं वळूनही पाहिलं नाही. "झोपा दोन्ना विता."

"मी झोपले तर या गावावर लक्ष कोण ठेवील? काय हो, किती वेळा चिकटवलीत?"

"मोजलं नाही."

विता खाली आली. चपला न घालताच. जवळून त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडावर आलेला पुढचा टोमणा तिनं गिळला.

"कामाला जायचं नाही, तर सरळ नाही म्हणा. तुम्हाला कोण जबरदस्ती करतंय?"

"जायचंय," तो म्हणाला. "बाकीचं सगळं गाव दाखवीन. पण सुरुवात इथून होते. याच्याखाली उभं राहून मी काय सांगायचो, आठवतं?"

न आठवायला काय झालं! भूकंपात सगळं गाव पडलं आणि मग हे नवं उभं राहिलं, इथून तो सुरू करायचा. साल सांगायचा सतराशे त्र्याण्णव. की वरून, बाल्कनीत मिरच्या निवडता निवडता, त्याची बायको ओर्सोला ओरडायची, "सोळाशे! शंभर वर्षं कुठं गिळलीस, खादाडा?" पाहुणे हसून लोळायचे. सावेरिओ टोपी काढून वर बघायचा. एकतीस वर्षं साल चुकलं, आणि एकतीस वर्षं ती ओरडली.

"आता बरोबर सांगायचं म्हणजे," तो म्हणाला, आणि वाटीतली उरलेली खळ ब्रशनं निपटू लागला.

शेवटचा शब्द त्याच्यावर सोडून विता घरी परतली. तिच्या आयुष्यात हे फारच क्वचित घडलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेतल्या तोरिनो शहरातून आलेल्या सात निवृत्त शिक्षिका बाल्कनीखाली उभ्या होत्या. माईकवाली पोरगी आजारी. त्या आपल्या नकाशा उलटासुलटा करतायत, तेवढ्यात दार उघडलं. सावेरिओ कोट घालून बाहेर आला. त्यानं नमस्कार केला, दगडी तोंडांकडे बोट दाखवलं आणि भूकंपापर्यंत आला.

"सतराशे," सवयीनं तोंडून गेलं. मग तो थांबला.

समोर विताची खिडकी उघडी होती. योग्य साल तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं पदराचं टोक दातांत धरावं तसा पडदा धरला. तिची नव्हती ती जागा.

गल्लीत कबुतरं तेवढी घुमत होती. शिक्षिका वाट बघत होत्या. सावेरिओची मान वर झाली, बराच वेळ वरच राहिली.

"चुकलो," तो शेवटी म्हणाला. "सोळाशे त्र्याण्णव. माझी बायको नेहमी दुरुस्त करायची."

त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं दारावरची पट्टी वाचली आणि डोक्यावरची उन्हाची टोपी काढली. कुणी हसलं नाही. "चला," सावेरिओ म्हणाला, "पायऱ्या दोनशे आहेत, सावकाश," आणि पुढे झाला.

दुपारी एकला तो परतला तो स्वतःच्या दाराशी नव्हे, विताच्या. गुडघे चोळत टेबलाशी बसला. तिनं न विचारता वांग्याचा पास्ता वाढला. दोन घास खाऊन तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"मग घरी जा."

सावेरिओ गेला नाही. त्यानं मिठासाठी ताटली पुढे केली.