या महिन्यात मी कोणाचा?

पिंट्या जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत माणूस नुसता दाढी करायला बसला तर पोराचा एक किस्सा सांगूनच उठतो. दर वेळी त्यात कोणीतरी पदरचं घालतं. गोविंदा दूधवाला तर जिथे नव्हताच तिथलंही सांगतो! म्हणून म्हटलं, मीच लिहून टाकतो. तिसरीपर्यंत शिकलो, पुढे आयुष्यभर धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या. अक्षर वाईट आहे. स्वभाव त्याहून वाईट. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

पिंट्या माझा नातू. त्याच्या अंगात रक्त टिकत नसे. रोगाचं नाव लांबलचक. डॉक्टरने दोनदा सांगितलं, मला तेव्हाही बोलता आलं नाही नि आजही येत नाही. एवढं समजलं की दर महिन्याला बाटली लावायची. लावली की पोरगं पळणार, महिना सरत आला की पांढरं पडून ओट्यावर बसणार. मी विचारलं, "हे कुठवर?"

डॉक्टर म्हणाला, "पोरगा आहे तोवर."

ब्लड बँकेचा नियम असा, की तुम्ही एक बाटली द्या, मग ते पोराच्या गटाची दुसरी देणार. एकटं घर किती देणार? मुलगा सुरेश एसटीच्या वर्कशॉपात, त्याची ड्यूटी कधी दिवसाची कधी रात्रीची. सून शोभा सोनगीरच्या शाळेत मास्तरीण, रोज बसने जा-ये. नात मनी कबड्डीत. घरात कोणी कोणाला धड भेटत नव्हतं. मग गल्लीनेच पाळ्या लावून घेतल्या. बाटलीच्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर जमायची, नि मी बाहेर येऊन आमच्या अहिराणीत ओरडायचो, "आठे काय तमाशा शे? चला, फुटा!" कोणी हलायचं नाही.

दिलेली बाटली पिंट्यालाच लागते असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण पिंट्याला कोण सांगणार? सुई टोचली की त्याचा पहिला प्रश्न, "या महिन्यात मी कोणाचा?"

आणि ज्याचा असेल, महिनाभर तो त्याच्यासारखा वागायचा! न्हाव्याचा होता तेव्हा झोपलेल्या मनीची अर्धी वेणी कापली.

*

बापू पहेलवान आमच्या तालमीचा वस्ताद. "बाटली काय, बादली भरा!" असं गर्जत कॉटवर पडला. नर्सने पाकिटातून सुई काढली नि हा जागच्या जागी गार!

नर्स घाबरली. "अहो, अजून टोचलंच नाही!"

मी म्हटलं, "मग आता टोचून घ्या. हाच मोका आहे."

पुढे तो डोळ्यांवर गमछा बांधून झोपायचा, पण पाळी चुकवली नाही. त्याच्या महिन्यात पिंट्या रोज तालमीत. बापू त्याच्या अंगाला लाल माती लावायचा नि थोराड पोरांना बजावायचा, "याच्याशी लढा. जो जिंकेल त्याच्याशी मग मी लढतो."

पिंट्या एकही कुस्ती हरला नाही. धुळ्यात असा पहेलवान दुसरा झाला नाही.

*

एका महिन्यात गोविंदा दूधवाल्याची पाळी होती. त्या खेपेला बाटली लागली तरी पोराच्या तोंडावर रंगच चढेना. मी सकाळी भर गल्लीत त्याला गाठलं. "काय रे, रगतमा बी पानी टाकस का?"

सगळे हसले. गोविंदा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सायकलला किटल्या तशाच टांगून तो ब्लड बँकेत हजर, बाही वर करून! तिथल्या डॉक्टरने हाकलला, "कालपरवाच दिलंत ना? तीन महिने इकडे फिरकू नका."

तर हा हात जोडून म्हणतो, "साहेब, ते पातळ निघालं. हे दाट घ्या."

त्या आठवड्यापासून आमच्या घरी दूध असं दाट यायला लागलं की काय सांगू. म्हणजे आधी पाणी होतंच!

*

शेजारची सखूअक्का. तिला मूलबाळ नाही. पोराला रक्त कमी म्हणजे रक्त वाढवणारं खायला घाला, असा तिचा साधा हिशेब. शोभा बसमध्ये, सुरेश ड्यूटीवर, पोरगा शाळेतून आला की अक्काच्या चुलीपुढे. गूळ-शेंगदाणे, बीट, पालकाची भाजी. रोज. कित्येक वर्षं. आम्हाला वाटे, बाई किती करते!

मग एकदा मोठ्या डॉक्टरने पोराची छाती तपासली नि शोभावर उखडला. "बाटल्यांमधलं लोह आधीच याच्या काळजात साठतंय. वरून हा गूळ-पालक कोण घालतं?"

शोभा वाटेत मला म्हणाली, "आबा, अक्कांना सांगू नका. त्यांना सहन व्हायचं नाही."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. न सांगून कसं चालेल? ती तर उद्या पुन्हा ताट वाढणार! अक्काने हातातली वाटी खाली ठेवली, दार लावून घेतलं. पुष्कळ दिवस तिच्याकडची चूल पेटल्याचा वास आला नाही.

संक्रांतीला मात्र दारात उभी राहिली. गल्लीतल्या पोरांना लाडू वाटले. पिंट्या पुढे आला तसा तिचा हात थांबला. त्याच्या तळव्यावर तिने चिमूटभर कोरडे तीळ ठेवले. म्हणाली, "घे बाबा. गोड बोल."

पिंट्याने तीळ पाहिले, अक्काकडे पाहिलं. "गूळ नाही, तर गोड कशाला बोलू?"

म्हातारी किती दिवसांनी हसली. हसता हसता तिथेच उंबऱ्यावर बसली, नि मग तिला उठवायला दोन बाया लागल्या.

*

रशीदभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या महिन्यात पिंट्याला बँड पाहिजे! शाळेच्या लेझीम पथकातून मास्तरने त्याला आधीच काढलं होतं. मास्तरचं बरोबर होतं, मैदानात पोरगं कोसळलं तर जबाबदारी कोणाची? रशीदभाईंनी त्याला लाल कोट चढवला, बाह्या दुमडल्या, हातात दोन खुळखुळे दिले नि आग्रा रोडवर वरातीत सर्वांत पुढे चालवला.

अर्ध्या वाटेत पोराला धाप लागली. तो रस्त्यातच मांडी घालून बसला. रशीदभाईंनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं, हात वर केला. बँड थांबला. बँड थांबला म्हणून घोडा थांबला, नवरा थांबला, मागे दोन ट्रक नि एक एसटी थांबली.

नवऱ्याचा बाप धावत आला. "मुहूर्त चालला ना भाऊ! वाजवा! पैसे कशाचे घेतले?"

रशीदभाई म्हणाले, "हमारा मास्टर बैठा है. उठेगा तो बजेगा."

*

मनीचंही सांगितलं पाहिजे. तिचं नेहमी राहून जातं, तेव्हाही तसंच व्हायचं.

तिची जळगावला कबड्डीची मोठी मॅच होती, नि त्याच दिवशी बाटली. घरचं कोणी गेलं नाही. संध्याकाळी पोरगी परत आली ती उजव्या हाताचं बोट सुजवून. शोभाने हातातलं सगळं टाकलं. हळद गरम केली, मनीला मांडीशी घेतलं, बोटाला लेप लावत बसली. मॅच हरली का जिंकली, कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आई, हे उद्याच बरं होईल का?"

"होईल बाळा. उद्यापर्यंत सूज उतरेल."

"दोन दिवस राहू दे ना."

*

मीही एकदा रक्त द्यायला गेलो होतो. वय दडवलं. नर्सने डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "बाबा, घरी जा. तुम्हालाच एक बाटली लावावी लागेल." सगळी खोली हसली. पिंट्या सोबत होता. वाटेत सायकलच्या दांडीवर बसून विचारतो, "आबा, सगळे झाले. मी तुमचा कधी होणार?"

मी म्हटलं, "नको होऊ. माझं रक्त कडू आहे. दिवसभर लोकांच्या अंगावर ओरडत बसशील."

*

पिंट्या सातवीत गेला नि त्याचं काळीज थकलं. पाय सुजले, पोट फुगलं, दम पुरेना. दवाखान्यात डॉक्टरने सुरेशला बाजूला घेतलं. काय बोलले ते सुरेशने आम्हाला सांगितलं नाही, नि आम्ही विचारलं नाही. गल्लीत बातमी गेली. बापू आला, गोविंदा आला, रशीदभाई, अक्का, सगळे कॉटभोवती. मनी पायाशी. शोभा डोक्याशी. बाटली चालू होती, थेंब थेंब.

पोराने डोळे उघडले. आवाज कसा तो नव्हताच. "या महिन्यात मी कोणाचा?"

पाळी होती बापूची. बापूने माझ्याकडे पाहिलं, आपली पाळी माझ्या नावावर केली नि म्हणाला, "या खेपेले तू आबाना शेस."

पिंट्या माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. बऱ्याच वेळाने कपाळावर या एवढ्या आठ्या घातल्या, मान उचलली, नि सगळ्यांवरून नजर फिरवत ओरडला, "आठे काय तमाशा शे? चला, फुटा!"

कधी नाही ती गल्ली हलली. एकामागून एक सगळे खाली मान घालून बाहेर पडले. मी स्टुलावर तसाच बसून होतो.

त्याने माझ्यावर डोळे वटारले. "ओ म्हातारा, तुले येगळं सांगनं पडी का?"

मी उठलो. बाहेर गेलो.