चुन्याच्या रेघेतला ट्रक

माझ्या मुलीचं लग्न मालवाहू ट्रकवर लागलं. पळून जाऊन नव्हे, आमच्याच अंगणात, दोनशे माणसांसमोर, आणि ट्रक तसूभरही हलला नव्हता. तो हलू नये म्हणूनच तर मी जिवाचं रान केलं होतं.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आमचे हे सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून आले, नोकरीला कंटाळले आणि दोन ट्रक घेऊन बसले. जवळच सामरवरणी गावात घर बांधलं, पुढे ऐसपैस अंगण ठेवलं. धंद्याची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. गाड्या यांच्या, कागद माझे. विमा, फिटनेस, परमिट, रोड टॅक्स, सगळ्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने. सासूबाईंच्या एकादश्या निळ्या पेनाने. (एकदा माझी शाईची गल्लत झाली आणि सासूबाईंनी विम्याच्या दिवशी उपास केला.)

एकदाच माझ्याकडून टॅक्सची तारीख चार दिवसांनी हुकली. गाडी नाक्यावर अडकली आणि हे अख्खा दिवस टायरला टेकून बसले. घरी आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून नियमाचं पुस्तक आणि मी, मध्ये कुणी यायचं नाही असं ठरवून टाकलं.

यंदा हिवाळ्यात मोठ्या ट्रकचं इंजिन उतरवावं लागलं. आता, उभ्या गाडीचा टॅक्स माफ होतो, पण त्याआधी परिवहन कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. गाडीची कागदपत्रं जमा करायची आणि गाडी कुठे उभी राहणार ते लिहून द्यायचं. साहेब कधीही तपासायला येतो. गाडी तिथे नसली, तर अर्ज रद्द आणि सगळ्या महिन्यांचा टॅक्स दंडासकट. अर्जात वाक्य होतं, ‘सदर वाहन नमूद जागेवरून हलविता कामा नये.’ मी ते तीनदा वाचलं, घरी आले आणि ट्रकच्या सगळ्या चाकांभोवती चुन्याने रेघा मारल्या.

शेजारच्या बेननी विचारलं, “दृष्ट लागते का हो ट्रकला?”

मी म्हटलं, “सरकारची लागते.”

मग प्रीतीचं लग्न ठरलं. मुहूर्त निघाला तो नेमका अर्जाच्या मुदतीत. आणि पोरगी हटून बसली. “हॉल नको. लग्न करीन तर आपल्या अंगणात.” अंगणाच्या ऐन मध्यभागी, चुन्याच्या रेघेत, ट्रक उभा.

तोवर इंजिन दुरुस्त होऊन परत बसलं होतं. हे चावी घेऊन निघाले. “घरामागे घेतो. दहा पावलांचा तर प्रश्न आहे.”

“एक पाऊल नाही.”

“अगं, अंगण आपलं, ट्रक आपला, मुलगी आपली.”

“अर्ज सरकारचा. साहेब आला आणि गाडी रेघेबाहेर दिसली, तर? पुन्हा टायरला टेकून बसायचंय का तुम्हाला?”

यांनी चावी खुंटीला लावली. ती मी काढून डाळीच्या डब्यात लपवली.

मंडपवाले जिग्नेशभाई फीत घेऊन आले, अंगण मोजलं आणि ट्रकसमोर थांबले. “बेन, गाडी तर काढावी पडशे ने. स्टेज क्यां बांधू?”

खरं सांगते, मी विचार न करता बोलले. “हौद्याच्या तिन्ही बाजूंचे फाळके खाली पाडा. झालं स्टेज.”

प्रीतीकडे बघायचा मला धीर होईना. पोरीच्या लग्नाचा मी एका अर्जापायी विचका केला, असं वाटत होतं. तेवढ्यात ती फिसकन हसली. “आई, चालेल. माझ्या एकाही मैत्रिणीचं स्टेज सोळा टन उचलत नाही.”

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “आमना लगीनले बैल व्हतात. हाई पोरना लगीनले टरक शे. चालू द्या.”

जिग्नेशभाईंना हुरूप चढला. हौद्यावर गालिचा, केबिनवर थर्माकोलचा मोर, चारी बाजूंनी गुलाबी झालर. संध्याकाळपर्यंत ट्रक दिसेनासा झाला. मी झालर उचलून आत डोकावले. रेघा जागच्या जागी होत्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

हळदीच्या सकाळी साहेब आले.

हातात फाइल, पायात चकचकीत बूट, बोलणं नाशिककडचं. “गाडी तपासायला आलोय. कुठे उभी आहे?”

“ही काय, साहेब.”

“हा मोर?”

“मोराच्या खाली.”

साहेबांनी एकदा फाइल बघितली, एकदा मोर बघितला. नंबरप्लेट हवी म्हणाले. मी झेंडूची माळ बाजूला केली, तर नंबरप्लेटवर ‘प्रीती वेड्स निखिल’. जिग्नेशभाईंनी तो फलक चांगला खिळे ठोकून बसवला होता.

“मग चेसिस नंबर बघतो,” साहेब म्हणाले. माणूस कामाचा पक्का. टॉर्च लावून झालरीखालून ट्रकच्या पोटात शिरले.

आता चूक कुणाची म्हणायची? वर हौद्यात काय चाललंय हे साहेबांना माहीत नव्हतं, आणि खाली कोण आहे हे सासूबाईंना. त्यांनी नातीच्या डोक्यावर हळदीच्या पाण्याची कळशी रिकामी केली. हळदीपुरता गालिचा गुंडाळलेला, आणि हौद्याच्या फळ्यांना बोटबोट फटी. खालून आवाज आला, “अहो!”

साहेब बाहेर आले ते डोक्यापासून बुटांपर्यंत पिवळे. (फाइल तेवढी त्यांनी पोटाशी धरून कोरडी ठेवली होती. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.) मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच सासूबाई खाली उतरल्या. एवढा पिवळा माणूस म्हणजे वरपक्षाकडचाच, असं समजून त्यांनी उरलेली हळद त्यांच्या दोन्ही गालांना फासली आणि हातात लाडू दिला.

अर्ज रद्द, दंड, नाका, टायर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “साहेब, लग्न आहे हो. पण गाडी एक इंचही हलवलेली नाही. ही बघा रेघ. मुलीचं लग्न ट्रकवर लावतेय, पण नियम मोडला नाही.”

साहेबांनी रेघ बघितली. लाडूचा घास थांबवून विचारलं, “ही रेघ कशासाठी?”

“नमूद जागा.”

“ताई,” ते अगदी हळू म्हणाले, “नमूद जागा म्हणजे पत्ता. टायरचा ठसा नव्हे. पत्ता तोच राहिला म्हणजे झालं. घरामागे दहा पावलं नेली असती तरी चाललं असतं.”

मी यांच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, दहा पावलांवरूनच यांचं हसणं ऐकू येत होतं. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. आमचा तर ट्रक भरलेला होता, नवरीसकट.

साहेबांनी ‘वाहन जागेवर आढळले’ असा शेरा लिहिला. त्या कागदावर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. दुसऱ्या दिवशी ते लग्नाला आले, बायकोला घेऊन, आणि आहेर देऊन जेवूनही गेले.

लग्न छान लागलं. ट्रकवर अक्षता पडल्या, फोटो निघाले, जिग्नेशभाईंनी ‘बेन, पुढच्या सीझनला गाडी भाड्याने द्याल का’ असंही विचारून घेतलं. मग पाठवणीची वेळ झाली. प्रीती फाटकाशी गाडीत बसली, सगळे तिच्याभोवती जमले, आणि मी आपली ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभी. पाय काही केल्या उचलेनात. पुढे गेले तर ती खरंच जाणार, असं काहीतरी वेडं डोक्यात बसलं होतं. डोळे तर केव्हाचे वाहत होते.

हे जवळ आले. माझ्या पायांकडे बघितलं आणि कानाशी म्हणाले, “चल गं. पत्ता तोच राहतो. दहा पावलं गेलीस तरी चालतं.”

मी खाली बघितलं. मी नेमकी चुन्याच्या रेघेत उभी होते.