डाव्या कोपऱ्यातला

सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतात. बाकीचे त्याला कंटाळायचे. हा मात्र मी जवळ जायच्या आतच दोन्ही पंजे पुढे करायचा. "बघा सर, बघून घ्या." नखं इतकी खोल कापलेली असायची, की बोटांची टोकं लाल दिसायची.

मी घोडेगावला शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. तो भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीतला. बेताची उंची, रुंद खांदे. खेळायचा डाव्या कोपऱ्यात. तुम्ही कबड्डी पाहिली असेल, तर कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम ठाऊक असेल: चढाईला आलेल्याचा पाय जवळ येईपर्यंत दबा धरून राहायचं आणि मग घोटा धरायचा. याने धरलेला घोटा सुटलेला मी पाहिला नव्हता.

एकदा ओतूरच्या स्पर्धेत मी त्याला चुकून बाद दिलं. त्याच्या संघातले माझ्या अंगावर धावून आले. हा बाहेर जाऊन बसला आणि त्यांच्यावरच ओरडला, "पंचांनी दिलं ना? मंग बास." सामना ते हरले. परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला, भाजलेल्या शेंगा पुढे केल्या.

नव्वद साली पिंपरीकडच्या एका कारखान्याने त्याला आपल्या व्यावसायिक संघात घेतलं. खेळावर नोकरी लागली. वाडीतला असा तो पहिलाच.

त्याच वर्षी दिवाळीला तो घरी येत होता. बाजाराला आलेल्या आईला त्याने मंचरच्या स्टँडबाहेर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवलं. जागेवरून बाचाबाची झाली आणि चालकाने म्हातारीला दंडाला धरून खाली ओढलं. याने चालकाची गचांडी धरली आणि ढकललं. एकदाच. चालक फुटपाथच्या कडेवर डोक्यावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याला बायको होती, दोन मुली होत्या. याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

येरवड्यातून सुटला तेव्हा तिशी ओलांडली होती. मंचरच्या एका बटाटा व्यापाऱ्याने नवा व्यावसायिक संघ काढला होता, त्याने याला घेतलं. याला खेळू द्यायचं का, यावरून आमच्या तालुक्याच्या स्पर्धा समितीत वाद पेटला.

"शिक्षा भोगून आलाय ना? मग आता आपण कोण पुन्हा शिक्षा देणार?"

"आणि शाळेतल्या पोरांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? माणूस मेलाय, राव."

दोन तास हेच चाललं. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "नियमात मनाई नाही. खेळू द्या." खरं सांगतो, मी फार विचार केला नव्हता. माझी शेवटची गाडी साडेसहाची होती आणि मी दमलो होतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक बाई मैदानावर आली. कांद्याच्या वखारीत निवडणीला जायची, साडीला कांद्याचा वास होता. जीपवाल्याची बायको.

"तुमीच परवानगी दिली म्हणं."

मी मान हलवली.

"खेळू द्या त्याला. माझं काय न्हाई. पर स्पर्धेची रिक्षा कालपास्नं आमच्या दारावरनं फिरतीया. भोंग्यातनं त्याचं नाव घेत्यात, वाघ म्हणत्यात. पोरी इचारत्यात, ह्योच का त्यो? तेवढं बंद करा सर."

मी रिक्षा बंद करायला लावली. मग त्याच्याकडे गेलो. त्याने सवयीने हात पुढे केले. नखं बघता बघता मी त्याला सगळं सांगितलं. त्याचे हात पुढेच राहिले, मागे घ्यायचे विसरला.

सामन्यात तिसऱ्याच चढाईला त्याने घोटा धरला, पहिल्यासारखाच. चढाईवाला ओरडला आणि याने पाय सोडून दिला. दोन वेळा असंच झालं. लोक शिट्ट्या मारू लागले.

मध्यंतराला मी विचारलं, "काय रे?"

"वरडला त्यो, सर."

"नाटक करतात, तुला ठाऊक नाही?"

"ठावं हाय. पर हात आपसूक सुटत्यात."

उत्तरार्धात त्याने स्वतःच बदली मागितली. पुन्हा मैदानावर आला नाही. समितीत ज्यांनी वाद घातला, त्या दोन्ही बाजूंना आपणच बरोबर होतो असं वाटलं. मला काहीच वाटलं नाही. नुसता थकवा आला.

चार-पाच वर्षांनी बायकोला घेऊन भीमाशंकरला गेलो. तिचे गुडघे गेलेले, म्हणून देवळाकडे उतरायच्या पायऱ्यांसाठी डोली केली. पुढच्या दांड्याला तो होता.

"नमस्कार सर."

बायको संकोचून म्हणाली, "जड होत असेल ना हो, भाऊ?"

"न्हाई बाई. निवांत बसा."

दर्शन झालं, वर आलो. त्याने गमछ्याने मान पुसली. मी विचारलं, "बरं चाललंय?"

"चाललंय. हितं कुनी कुनाला वळखत न्हाई, सर. डोलीवाला म्हणत्यात. बास हाय तेवढं."

आम्ही त्याला खेळू दिलं ते बरोबर केलं का, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात एक आजी काठी टेकत आल्या. त्याने त्यांना बसवलं, पदर दांड्यात अडकू नये म्हणून नीट आत घ्यायला सांगितला, खांदा दिला. पायऱ्यांवर धुकं दाटलं होतं. चौघं डोलीवाले उतरत गेले. दिसेनासे झाल्यावरही त्याचा आवाज थोडा वेळ ऐकू येत होता. पुढची पायरी निसरडी आहे, असं तो मागच्यांना सांगत होता.