दसऱ्याला न उठलेला कॉम्प्युटर

सुदामा नगरातला परेश टेंबे म्हणजे म्हाताऱ्या कॉम्प्युटरांचा वैद्य. नवा बिघडला की लोक कंपनीला फोन लावतात. ज्यांना कंपनीही विसरली, ते परेशच्या वाट्याला येतात. पन्नाशी गाठली, कंबर धरते, पण कोणी ‘परेशभिया’ म्हणून हाक मारली की याला नाही म्हणवत नाही.

दसऱ्याच्या सकाळी, घरी श्रीखंड गाळायचं सोडून, हा पूर्णिमाच्या कारखान्यात जमिनीवर फतकल मारून बसला होता. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. तिथे साड्यांवर कशिदा काढणारं मोठं मशीन, आणि त्याला नक्षी सांगणारा जुना विंडोजचा कॉम्प्युटर. नक्षीचा प्रोग्राम नव्यावर चालतच नाही, म्हणून हा म्हातारा ठेवलेला. धाग्यांच्या कचऱ्यानं त्याची हार्डडिस्क सारखी मरायची, तेव्हा परेशनंच ती काढून टाकली. आता त्याचं सगळं पोटापाण्याचं, अगदी विंडोजसुद्धा, आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. बटण दाबलं की नेटवर्कच्या तारेतून घास घास मागवायचा आणि उठून बसायचा.

आज उठत नव्हता. विंडोजचं चित्र यायचं, जरा आशा लागायची, की पडदा निळाच्या निळा, सगळं ठप्प.

“परेशभिया, मानपुरचा माणूस संध्याकाळी साड्या न्यायला येतोय,” पूर्णिमा दारातून म्हणाली. “खाली हात गेला ना, तर पुढचं काम दुसऱ्याला. मग मी मशीन बेचून टाकते, सच्ची. थकले आता.”

“मी काय ताजातवाना दिसतो, पूर्णिमाजी?”

परेशला खात्री होती, दोष ड्रायव्हरचा. विंडोजला नेटवर्क कार्डाशी बोलायला शिकवतो तो ड्रायव्हर. तो जुळला नाही तर तार तोंडाशी असून घास गळ्याखाली उतरत नाही. त्यानं सर्व्हरवर जाऊन ड्रायव्हर बदलला. निळा. त्याहून जुना घातला. निळा. या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालून गुडघे बोलायला लागले. नवं कार्ड आणावं तर त्याचा ड्रायव्हर या विंडोजसाठी कोणी काढतच नाही. परवापर्यंत चाललेलं आज अडतं कसं, हेच त्याला उमजेना.

तेवढ्यात पूर्णिमाचे सासरे अप्पासाहेब चहा घेऊन आले. उभा जन्म कापड मिलमध्ये गेलेला. खंडेनवमीला यंत्र खोलून, पुसून, हळदकुंकू वाहायचं म्हणजे वाहायचं.

“काल एवढी साग्रसंगीत पूजा केली याची,” ते म्हणाले, “अन् आजच रुसला लेकाचा!”

परेशचा कप ओठाशीच थांबला. “अप्पासाहेब, पूजा वरून केली ना?”

“वरून? वरून तर पोस्टमनही हात लावतो! तार खोचतात ती हिरवी पट्टी काढली, पुसली, कुंकू लावलं, परत बसवली.”

“होती तिथेच?”

“छे. दुसऱ्या दोन पट्ट्यांमध्ये घुसमटत होती बिचारी. खालची खाच मोकळी होती, हवेशीर. तिथे दिली.”

परेशनं कपाळावर हात मारला नाही. तेवढा जोर उरला नव्हता. त्या जुन्या विंडोजला कार्ड ठाऊक होतं, पण त्याच्या जागेसकट. दुसऱ्या खाचेत दिसलं की ते त्याला परकं वाटे, ओळख करून घ्यायला तो तार सोडे. आणि तार सुटली की सगळंच सुटलं. जेवत्या माणसाचं ताट ओढून ‘आपण कोण?’ विचारावं, तसं.

बटण बंद करून त्यानं कार्ड वरच्या खाचेत परत बसवलं, सर्व्हरवर पहिला ड्रायव्हर पूर्ववत ठेवला. चित्र आलं. निळा पडदा आला नाही. थोड्या वेळानं सुया खडखडायला लागल्या.

“काय झालं होतं?” पूर्णिमानं धावत येऊन विचारलं.

अप्पासाहेब ट्रे छातीशी धरून उभे. परेश म्हणाला, “जुना आहे हो. जागा हलली की बिथरतो.”

“मीच हलवली,” अप्पासाहेब हळूच म्हणाले.

पूर्णिमानं त्यांच्याकडे पाहिलं, मग सुयांकडे, आणि ओरडायचं राहूनच गेलं. तिनं मानपुरला फोन लावला: “भाईसाब, आदमी भेज दो. जरा देर होगी, पर साडियाँ हो जाएँगी.”

फोन ठेवून ती वळली, तर परेश भिंतीला टेकून, त्या खडखडाटात, तोंड उघडं टाकून झोपला होता.