स्टुलाएवढी दरी

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या काकांवर. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, सातिवलीतल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांना काळे पडदे लावून. अन्याय करणारे सगळे काकांचे ‘बंधू’ होते. त्यात सख्खा एकही नव्हता. सख्खा एकच, माझे वडील, आणि त्यांनी काकांवर आजवर केलेला सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे कुंपणावर झुकलेल्या फांदीचे आंबे न विचारता उतरवणं.

मी पत्रकं लिहिते. चर्चच्या युवक गटासाठी. टँकरवाल्यांविरुद्ध, लग्नातल्या दारूविरुद्ध, विहिरी बुजवून उभ्या राहणाऱ्या इमारतींविरुद्ध. पहिल्या ओळीत कोणावर, कधी, कुठे ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला कामाला लावायचं, हे मला काकांनीच शिकवलं. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला मी एकटीच उरले. तेव्हा हे पत्रक नसलं तरी शिस्त तीच. घरी आम्ही आमच्या बोलीत भांडतो. इथे ती भांडणं धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिली आहेत, एवढीच काय ती लबाडी.

काकांना मूल नाही. गाव त्यांना अजून मास्तर म्हणतं, पण मास्तरांना काही विचारायला कोणी येत नाही. नदी कुठे उगम पावते हे आता मोबाईल सांगतो. अशात त्यांचा एक जुना विद्यार्थी मिठाईचा डबा घेऊन घरी आला. त्याचा सातिवलीत प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे. “सर, आमचं एक बंधुमंडळ आहे,” तो म्हणाला. “लॉजच म्हणा ना. तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला.” मंडळ गरीब मुलांना दप्तरं वाटतं, डोळे तपासायची शिबिरं घेतं. फक्त बैठका पडदे लावून होतात आणि आत जायला गुप्त शपथ घ्यावी लागते. काका विरघळले. आपल्यासारखी माणसं कोणाला तरी हवी आहेत, हे वाक्य निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“दप्तरं वाटायला पडदे कशाला लागतात?” मी विचारलं.

“तुला सगळ्यातच पत्रक दिसतं,” काका म्हणाले.

त्या शनिवारी ते काळा सूट घालून निघाले. मे महिन्यात, वसईत, काळा सूट! शेजारची आजी कुंपणावरून ओरडली, “मास्तर, वरात कुणाची? की वरचं बोलावणं आलं?”

परतले ते लंगडत. मोरीत पाय घसरला, असं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. काकीने तेल लावलं, फडकं बांधलं, आणि काही बोलली नाही. काकी काही बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे आमच्याकडे मांजरालाही कळतं.

मे महिन्यात आमच्या गावच्या क्रुसापुढे संध्याकाळी लादीन असते. गुडघे टेकून सगळ्या संतांची नावं घ्यायची. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘आम्हासाठी विनंती कर’ म्हणायचं. नावं घेण्याचा मान मास्तरांचा. त्या आठवड्यात मास्तर आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. अख्खं गाव जमिनीवर आणि पुढारी खुर्चीवर! ‘आमेन’ झाल्याबरोबर शेजारची आजी म्हणाली, “पेन्शन सुरू झाली की देवापुढेपण खुर्ची लागते वाटतं.”

काका हसले. पण दुसऱ्या दिवशी लादिनीला आलेच नाहीत.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. (नसते बसले, पण म्हणायला काय जातं?) अडचण अशी होती की माझ्या ताईला मुलगी झाली होती आणि काका तिचे धर्मपिता होणार होते. बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरायचं आणि पुढे तिच्या श्रद्धेची जबाबदारी घ्यायची. मूल नसलेल्या माणसाला हे काय असतं ते मी लिहून सांगू शकत नाही. काकांनी बाळासाठी पांढरं झबलं स्वतः जाऊन आणलं होतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. काकी म्हणायची, “पुरे, बाळाच्या अंगावर जायच्या आधी मळेल.”

मी फादरना जाऊन विचारलं. नाव न घेता, अर्थात. कॅथलिक माणसाला अशा गुप्त शपथेच्या मंडळात राहता येतं का?

“नाही,” फादर म्हणाले. “चर्चने केव्हाच ‘नाही’ म्हणून सांगितलंय.”

“दप्तरं वाटत असले तरी?”

“दप्तरं वाटायला मंडळ कशाला, आपल्या सभागृहात या.”

“आणि असा माणूस धर्मपिता व्हायचा असेल तर?”

फादरनी माझ्याकडे पाहिलं. आमचं गाव एवढं मोठं नाही. “मास्तरांना सांग,” ते म्हणाले, “एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने पडदा धरता येत नाही. बाप्तिस्म्याआधी एक काहीतरी सोडून या.”

आता काकांना तोंडावर सांगितलं असतं तर ते ‘कसलं मंडळ, कसली शपथ’ म्हणून पेपर वाचायला लागले असते. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. माझं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी काका ऐकतात. आणि चुकीची माहिती त्यांना सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी ‘वैतरणा गुजरातेत उगम पावते’ म्हणालं तरी हातातला घास ठेवून उठणारा माणूस तो.

रविवारी दुपारी काका ओट्यावर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. काकी मोगऱ्याचे गजरे करत होती. मी पत्रक काढून मोठ्याने वाचायला लागले.

“‘बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या शेजारी काय चाललं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? नव्या सभासदाला अर्धनग्न करून धगधगत्या निखाऱ्यांवरून चालवतात!’”

काका छताकडे बघत होते.

“‘गळ्यात साप सोडतात!’”

“दोर,” काका पुटपुटले.

“काय?”

“काही नाही. वाच.”

“‘आणि शेवटी उंच कड्यावरून खोल दरीत ढकलून देतात!’”

“काय लिहितेस हे!” काका उसळले. “सातिवलीत कडा कुठून आणलास? ढकलत नाहीत, उडी मारायला सांगतात. ती पण स्टुलावरून. आणि निखारे नव्हते. मीठ होतं, खडे मीठ. गुडघ्यावर चालवलं.”

काकीने गजऱ्याचा दोरा दातांनी तोडला.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “पँट धुताना वाटलंच मला, आमच्या मोरीत मीठ कधीपासून पिकायला लागलं.”

मग सगळं बाहेर आलं. डोळ्यांवर पट्टी. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर, शर्टाची एक बाही काढलेली, गळ्यात दोर. मिठावर गुडघे. मग कोणीतरी वर चढवलं आणि कानात सांगितलं, पुढे मृत्यूची दरी आहे, बंधूंवर विश्वास असेल तर उडी मार. काकांचा विश्वास होता. त्यांनी दरीएवढी उडी मारली. जमीन हातभर खालीच होती, म्हणून ती नको तेवढ्या लवकर आली आणि गुडघा पिरगळला. पट्टी काढली तेव्हा सगळे बंधू पोट धरून हसत होते. डॉक्टर, बिल्डर, निवृत्त बँक अधिकारी. मग पाठीवर लाकडी फळीचा फटका, आणि मग बायबलवर हात ठेवून शपथ, की यातलं काही कोणाला सांगणार नाही, अगदी पत्नीलासुद्धा.

“फटका कोणी मारला?” मी विचारलं.

“तोंडावर कापड होतं. पण मारायच्या आधी खोकला. सातवीत पेपर कोरा द्यायच्या आधी असाच खोकायचा.”

काकी हसायला लागली. स्टुलावर हसली, खोकल्यावर हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

“मला सांगणार नाही अशी शपथ घेतलीत?”

“सगळेच घेतात ती,” काका म्हणाले. “आणि बायबलवरच हात होता की. आता मोडायची कशी? मी आजवर शब्द मोडला नाही.”

“माझ्यासोबत पण एक घेतली होती तुम्ही. ती आधीची. चर्चचं दार उघडं होतं, गाव बघत होतं.”

काका जरा चिडले. मास्तर हरायला लागले की उदाहरण शोधतात. “आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या भावांनी माझ्या डोक्यावर अंडी फोडली, पीठ ओतलं, ते? ती काय पूजा होती? तेव्हा नाही कोणी पत्रक काढलं!”

“मांडवात फोडली. माझी आई बघत होती, तुमची आई बघत होती. आणि तुम्ही ‘पुरे’ म्हणालात तेव्हा थांबले. नंतर विहिरीवर आंघोळ कोणी घातली? त्यांनीच.” काकीने पुढचा दोरा घेतला. “तिथे तुम्ही ‘पुरे’ म्हणालात का?”

काका गुडघ्यावरचं फडकं नीट करायला लागले. मी पत्रकाची घडी घातली. एवढी पत्रकं लिहिली, पण ख्रिस्ती माणसाने अशा मंडळात का जाऊ नये हे इतकं सरळ मला सांगता आलं नव्हतं. आपल्याकडे जे पवित्र आहे ते सगळ्यांसमोर होतं: बाप्तिस्मा, लग्न, अगदी मरणसुद्धा. ज्याला पडदा लागतो आणि जिथे ‘पुरे’ म्हणता येत नाही, तिथे बायबल ठेवून काय उपयोग? ते टेबलावरची शोभा.

मी फादरचा निरोप दिला, बाळाचा आणि पडद्याचा. काकांनी त्या विद्यार्थ्याला फोन लावला, तो स्पीकरवर. बहुतेक काकीला ऐकू जावं म्हणून.

“सर, यातून बाहेर पडता येत नाही,” पलीकडून आवाज आला.

“मग मी आत आहे असं समज आणि मला बोलावू नकोस. जे झालं ते मी बायकोला सांगितलंय. फादरना उद्या सांगणार आहे. आणि तुझा खोकला अजून बरा झालेला नाही. औषध घे.”

तो दोन दिवसांनी घरी आला, पुन्हा मिठाईचा डबा घेऊन. सरांच्या बांधलेल्या गुडघ्याकडे बघून मान खाली घालून बसला. काकीने चहा आणला. त्याने एक घोट घेतला, थबकला, आणि मग अख्खा कप गपचूप संपवला. तो गेल्यावर काकीने मला खडे मिठाची बरणी दाखवली.

“बघ,” ती म्हणाली, “तोंडातून शब्द नाही काढला. कशी सवय लावतात या लोकांना.” आणि मला पहिल्यांदा त्याची दया आली. त्यालाही कधीतरी कोणीतरी मिठावरून चालवलंच असणार. आणि त्याने घरी काय सांगितलं असेल? मोरीत पडलो.

बाप्तिस्म्याच्या दिवशी काकांना गुडघा टेकता आला नाही. ते उभेच होते, बाळाला दोन्ही हातांनी धरून. सैतानाचा त्याग करता का, असं फादरनी विचारलं तेव्हा ते मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, “करतो.” बाळ दचकून रडायला लागलं. शेजारची आजी माझ्या कानात म्हणाली, “आज खुर्ची नाही मागितली मास्तरांनी.”

आता शेवटची ओळ, काकांच्या शिस्तीप्रमाणे. तुम्ही अशा एखाद्या मंडळात असाल, तर आज जेवायला बसल्यावर तिथे तुमच्याशी काय केलं ते घरच्यांना सांगा. सगळं सांगा, स्टुलासकट. सांगता येत नसेल, तर ताट बाजूला सारा, त्यांना फोन लावा, आणि ‘पुरे’ म्हणा.