कुठं दुखतंय?

दुसरं महायुद्ध पेटायच्या दोन-तीन वर्षं आधी आमची पलटण देवळालीच्या छावणीत होती. सकाळी पीटी, परेड. संध्याकाळी आम्हा मोजक्या येड्यांचं बॉक्सिंग. मी सिन्नरचा, तालमीतला गडी. म्हटलं, मार खायला आम्हाला काय शिकवता? पहिल्याच दिवशी नाकावर ठोसा बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! रडत नव्हतो हो, ते आपोआप येतं. पोरं हसली. मला मात्र नवल वाटलं.

तिथून दुखणं निरखायचा नादच लागला. उजव्या बरगडीखालचा ठोसा आधी जाणवतच नाही. श्वास घ्यायला जावं तर गुडघे मोडतात. दुखायला लागलं की दात आवळायचे नाहीत, श्वास सोडायचा, हेही तिथंच कळलं.

हवालदार जाधव आमचे उस्ताद. त्यांचा नियम एकच. राउंड संपला की कोपऱ्यात येऊन कुठं दुखतंय, कसं दुखतंय ते सांगायचं. उगाच "काही नाही" म्हटलं की खेकसायचे, "मर्दुमकी घरी दाखव!"

लान्स नाईक रहमान हे सगळ्यांत चोख सांगायचा. मालेगावच्या विणकराचा मुलगा, माझा जोडीदार. म्हणायचा, "दुखणं पाव्हणा असतं, भाऊ. कुठं बसलाय ते बघून घे. मग भीती नाय वाटत."

पलटणीच्या बॉक्सिंगच्या फायनलला तो उतरला. जिंकला तर ब्रिगेडच्या टीममध्ये जागा पक्की. पहिल्या राउंडला बरगडी शेकली, तसं त्यानं सांगितलंही. दुसऱ्या राउंडला कानशिलावर सणसणीत ठोसा बसला. तरी तो पडला नाही. कोपऱ्यात आला. मी पाणी पाजत होतो.

"कुठं दुखतंय?" उस्तादांनी विचारलं.

"कुठंच नाही, उस्ताद. खरंच. बरगडीसुद्धा नाही."

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी रिंगमध्ये टॉवेल टाकला, म्हणजे लढत सोडली.

"उस्ताद, मी जिंकतोय!"

"बस खाली. हुकूम आहे."

तो बसला आणि बसल्या जागी माझ्या अंगावर कलंडला. हॉस्पिटलात नेलं. शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

त्याची ट्रंक घेऊन मालेगावला मलाच धाडलं. त्याचे वडील मागावरून उठले.

"बेटा, बहुत तकलीफ हुई क्या उसको?"

"नहीं, चाचा. आखिर में कुछ भी नहीं दुखा."

खोटं नव्हतं ते. चाचांनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. न दुखणं हेच तर वाईट लक्षण होतं, हे त्यांना कोण सांगणार?

पुढं लढाईत पडलेल्यांची नावं पलटणीनं दगडावर कोरली. रहमान लढाईत गेला नाही, म्हणून त्याचं नाव तिथं नाही. सलामी देताना ते मी तोंडानं घेतो.